किवी, पेशी आणि तोंडाची चुरचुर

मंडळी, वाचनालयाच्या फलकावर आजचा विषय ‘फळांची ॲलर्जी’ असा लिहिला आहे. त्या विषयावर येतोच. पण आधी किवीबद्दल बोलू द्या, कारण पोळा झाला की आपल्या भागात डेंग्यू सुरू होतो आणि डेंग्यूबरोबर किवी येते.

जिल्ह्याच्या गावी कुठल्याही दवाखान्याच्या फाटकाबाहेर बघा. हातगाडीवर किवी, शेजारी ड्रॅगन फ्रूट. आत डॉक्टर म्हणतात ‘पेशी कमी झाल्या’, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट, बाहेर गाडीवाला म्हणतो ‘किवी द्या, पेशी वाढतात’. सोयाबीन अजून शेतात उभं असतं, हातात पैसा नसतो, तरी बाप उसनवारी करून एकेक फळ चाळीस-पन्नास रुपयांना घेतो. मला याचा मनापासून राग येतो. किवीनं प्लेटलेट वाढतात याला ठोस पुरावा नाही. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस धोक्याचे असतात. ते निभावले की पेशी आपोआप चढू लागतात. उपचार म्हणजे पाणी, मिठा-साखरेचं सरबत, गरज पडली तर सलाईन, आणि डॉक्टरांचं बारीक लक्ष. पेशी ज्या दिवशी वाढतात त्या दिवशी पोटात किवी असते, म्हणून श्रेय तिला मिळतं. क जीवनसत्त्व पाहिजे असेल तर आपल्या झाडावर पेरू आहे, दिवाळीच्या सुमारास वरुड-मोर्शीची संत्री येतात. किवीत ते भरपूर असतं हे खरं. पण ते औषध नव्हे.

आमच्या शाळेतली एक मुलगी अशीच भरती होती. आई दिवसातून दोनदा चमच्यानं किवी कोरून भरवायची. पोरगी म्हणायची, ‘आई, तोंड चुरचुरते.’ आईला वाटलं, तापानं तोंड आलं असेल. पुढं ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. रात्रीच्या नर्सबाईंनी वाटी बघितली आणि फळ बंद करायला लावलं म्हणून निभावलं. तिचे वडील मला म्हणाले, ‘मास्तर, फयच त हाय, फयानं काय होते?’

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी इथं उभा आहे.

किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम. प्रथिनाच्या लांब साखळ्या कापणारी ती कात्री आहे. कच्च्या पपईतलं पपेन, अननसातलं ब्रोमेलेन, अंजिराच्या चिकातलं फायसिन ही तिचीच भावंडं. मावशी, जून बोकडाचं मटन शिजत नसलं की तुम्ही कच्च्या पपईची फोड लावून ठेवता ना? तेच काम किवी करते. रस्सा खळखळू लागला की मात्र उष्णतेनं विकर निकामी होतं, म्हणून ती फोड आधी लावायची असते.

शाळेत हे मुलांना दाखवायला जेलीइतकं सोपं साधन नाही. दोन वाट्यांत जिलेटीनची जेली करायची. एकीत कच्च्या किवीच्या चकत्या, दुसरीत उकळून गार केलेल्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. सकाळी दुसरी वाटी थरथरत असते आणि पहिलीत नुसतं पाणी, कारण जिलेटीन हे प्रथिन आहे आणि विकरानं ते कापून काढलं. आगरवाली, म्हणजे चायना ग्रासची, जेली घेऊ नका, आगर प्रथिन नाही, ती दोन्ही वाट्यांत जमेल. आणि किवी घालून दुधाचा शेक करून ठेवला तर थोड्या वेळात कडू होतो, तेही याच विकराचं काम.

हे फळ मूळचं चीनचं. 1904 मध्ये इसाबेल फ्रेझर या मुख्याध्यापिकेनं त्याच्या बिया न्यूझीलंडला नेल्या. 1959 मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याला किवी हे नाव दिलं, आणि त्याच वर्षी त्यातल्या या विकराचं वर्णन विज्ञानपत्रिकेत आलं. आता आपल्या अरुणाचल-हिमाचलातही ते पिकतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, लाइट जायची वेळही झाली आहे. तेव्हा फलकावरचा विषय झटपट सांगतो.

किवी खाल्ल्यावर जीभ जरा चरचरली तर ती नेहमीच ॲलर्जी नसते. विकर आहे, आम्ल आहे, शिवाय सुरणात असतात तसे ऑक्सलेटचे सुईसारखे कणही किवीत आहेत. ॲलर्जी वेगळी. तिथं आपलं शरीर ॲक्टिनिडिनसारख्या प्रथिनालाच शत्रू समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. किवीच्या ॲलर्जीची पहिली नोंद 1981 ची. तज्ज्ञांच्या यादीत ॲक्टिनिडिन ‘ॲक्ट डी 1’ म्हणून आहे, किवीतला एक प्रमुख ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारा पदार्थ. प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींमधले सांधे ते सैल करतं असंही दिसलं आहे. पिवळ्या गराच्या किवीत ते कमी असतं, पण इतर ॲलर्जनही असतात, म्हणून ज्याला त्रास झाला त्यानं तीही खाऊ नये.

ओठ सुजले, गांधी उठल्या, घसा आवळला, श्वासात शिट्टी वाजली, चक्कर आली, तर हळद-तूप लावत बसू नका. 108 ला फोन करा. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीत द्यावं लागतं, तेही लवकर. लेकरू ‘तोंड चुरचुरते’ म्हणालं की ते फळ तिथंच थांबवा आणि डॉक्टरांना फळाचं नाव सांगा. आणि एक, किवीची ॲलर्जी असलेल्या काहींना रबराचीही असते. केळं-पपईनंही त्यांना त्रास होऊ शकतो. अशा माणसाचं ऑपरेशन ठरलं, तर हातमोजे घालण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.