पायपुसण्यावरचे जेवण

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

फळ्यावर आजचा विषय ‘मांजरांच्या खाण्याच्या तऱ्हा आणि त्यानंतरची आवराआवर’ असा लिहिला आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्यातल्या उत्तरार्धासाठी आला आहात हे मी ओळखून आहे. उत्तरार्ध मी निश्चित सांगणार आहे. त्याआधी एक विनंती. पहाटे अनवाणी पायाखाली काहीतरी गार, मऊ आणि ओलसर आले आणि दिवा न लावताच ते काय असावे हे ज्यांना समजले, त्यांनी कृपया हात वर करावेत. पुरे, पुरे, पहिल्या दोन रांगांनी तर दोन्ही हात वर केले आहेत.

आपल्या भाषेने मांजराच्या खाण्याकडे बारकाईने पाहिले आहे, पण ते फौजदाराच्या नजरेने. शिंके तुटले की बोक्याचे फावते, मांजर डोळे मिटून दूध पिते आणि उंदराला मांजर साक्ष असते. चोरी, लबाडी आणि खोटी साक्ष असे तीन गंभीर आरोप झाले, तरी सांडलवंडीचा आरोप कोणत्याही म्हणीने केलेला मला तरी आढळला नाही. बचाव पक्षाची वकील म्हणून मी याची नोंद घ्यावी असे सुचवते. गेली कित्येक वर्षे मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत आले आहे, ती अशी की मांजर सांडत नाही. वाडगा हे माणसाने आपल्या हाताच्या आणि आपल्या ओट्याच्या सोयीसाठी घडवलेले भांडे आहे, आणि मांजराचे दात, जीभ, मिशा व स्वभाव यांपैकी एकाशीही त्याचे जमत नाही. आपण ज्याला पसारा म्हणतो ते मांजराचे रीतसर जेवण असते. ते आपण नेमून दिलेल्या जागी होत नाही, इतकेच.

हे मत मला एका पायपुसण्याने दिले. आमच्याकडे मुकादम नावाचा एक बोका होता. अंगाने धिप्पाड, चालीने संथ आणि कामे दुसऱ्यांकडून करून घेण्यात वाकबगार असल्यामुळे ते नाव त्याला आपोआप चिकटले. हा मुकादम वाडग्याशी येई, एक मांसाचा तुकडा दातांत धरी, मान ताठ ठेवून संपूर्ण खोली ओलांडी आणि न्हाणीघराच्या दाराशी असलेल्या पायपुसण्यावर तो तुकडा ठेवून खाई. मग पुन्हा वाडगा, पुन्हा तुकडा, पुन्हा ती मिरवणूक. एका जेवणात अशा नऊ-दहा फेऱ्या होत. रश्श्याच्या थेंबांची एक सरळ रेघ फरशीवर उमटे, आणि ती वाळली की पोलादी पट्टीनेच खरवडावी लागे.

मी शिकलेली बाई असल्यामुळे प्रथम खरेदी केली. उथळ वाडगा आणला, खोल वाडगा आणला, काचेचा, स्टीलचा, चिनी मातीचा आणि तिरपा असे करत सात भांडी झाली. मुकादमाने सातही भांड्यांतून तितक्याच निर्विकारपणे तुकडे उचलले आणि पायपुसण्यावर नेले. त्यानंतर मी पायपुसणे काढून टाकले. तो रिकाम्या जागी उभा राहून दोन दिवस माझ्याकडे पाहत राहिला आणि तिसऱ्या दिवशी जेवण घेऊन थेट पलंगावरच्या चादरीवर गेला. पायपुसणे त्याच संध्याकाळी सन्मानाने परत आले. एका जाणकार गृहस्थांनी मला सांगितले की तुमचा बोका हट्टी आहे आणि तुम्ही त्याला धाक दाखवायला हवा. मांजराला धाक दाखवण्याचा प्रयोग आपण घरी जरूर करून पाहावा. घरात धाक कोणाचा आहे हे त्यातून चटकन स्पष्ट होते.

उलगडा केला तो माझ्या सासूबाईंनी. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि दिवसाचा बराचसा वेळ त्या न्हाणीघरासमोरच्या खुर्चीत बसून असत. एके दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, तो पळवत नाहीये काही. तुझ्या त्या गुळगुळीत फरशीवर घास निसटतो त्याचा. पायपुसण्यावर निसटत नाही.” मी जमिनीवर पालथी पडून पाहिले, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मुकादम मान एका बाजूला कलती करी आणि गालातल्या दातांनी तुकडा कापू लागे. तुकडा फरशीवर असला की तो घसरत घसरत भिंतीपर्यंत जाई आणि मुकादम त्याच्या मागून. तोच तुकडा पायपुसण्याच्या खरखरीत काथ्यावर असला की जागचा हलत नसे. सात भांड्यांचा खर्च आणि तीन महिन्यांची चिडचिड यांच्या शेवटी मला कळले ते एवढेच की त्याला घर्षण हवे होते. सासूबाईंनी त्यानंतर हा विषय पुन्हा काढला नाही. मात्र कोणी पाहुणे आले की त्या नव्या वाडग्यांकडे पाहत आणि काही न बोलता हसत.

आता हे घर्षण लागते कशासाठी, ते पाहू. मोठ्या मांजराला ३० दात असतात, वर १६ आणि खाली १४. आपल्या दाढांसारखे दळण्याचे सपाट दात त्यांत नाहीत. मागचे मोठे दात कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना घासून जातात आणि जबडा जवळजवळ केवळ वर-खाली हलतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही. म्हणजे मांजर चावून बारीक करत नाही, ते कापते आणि गिळते. कापण्यासाठी घास गालाकडे न्यावा लागतो, त्यासाठी मान कलती करावी लागते आणि मान कलती केली की अर्धा घास तोंडाबाहेर लोंबतो. उंदीर खाताना यात काहीच बिघडत नाही, कारण उंदीर एकसंध असतो. आपण मात्र रश्श्यात भिजलेले चौकोनी तुकडे वाढतो आणि ते खाली पडले म्हणून रागावतो.

जिभेची गोष्ट याहून गमतीची आहे. तिच्यावर घशाकडे वळलेले, आपल्या नखांच्याच द्रव्याचे बारीक काटे असतात. हाडावरचे मांस खरवडायला आणि अंग विंचरायला ते उत्तम. परंतु वाडग्याच्या कोपऱ्यात अडकलेले शेवटचे चार दाणे उचलायला ही जीभ निरुपयोगी ठरते. ती दाण्यांना नुसती कडेकडे ढकलत राहते, आणि मग आपले मांजर भरल्या वाडग्यापाशी बसून उपासमारीची तक्रार करते. त्यात आणखी एक अडचण अशी की, मांजराला अगदी नाकाजवळचे नीट दिसत नाही. साधारण वीतभर अंतराच्या आतल्या वस्तूवर त्याची नजर स्थिर होत नाही, तिथे काम चालते ते नाकाने आणि मिशांनी. मिशांना वाडग्याचा स्पर्श झाल्याने मांजर थकते असा एक सिद्धांत अलीकडे फार लोकप्रिय आहे आणि त्याच्या नावाने बरीच भांडी विकली जातात. संशोधकांनी साधी भांडी आणि ही खास भांडी यांची तुलना केली, तेव्हा खाण्याच्या वेळात किंवा प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. मी स्वतः असे एक भांडे विकत घेतले होते, हे कबूल करणे भाग आहे. ते त्या सातांतलेच पाचवे.

येथे कोणी म्हणेल की मग मांजर हा प्राणीच मुळात अव्यवस्थित म्हणावा. त्यावर माझा हुकमी पुरावा पाण्याचा आहे. रोमन स्टॉकर नावाचे एक संशोधक सकाळी न्याहारी करताना आपल्या मांजराला पाणी पिताना पाहत बसले, आणि ते हे नेमके कसे करते असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०१० साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. कुत्रा जिभेचा डाव करून ती पाण्यात खुपसतो आणि बरेच पाणी उडवतो. मांजर मात्र जिभेचे टोक मागे वळवून त्याच्या वरच्या बाजूने पाण्याला केवळ स्पर्श करते आणि जीभ झटकन वर ओढते. जिभेबरोबर पाण्याचा एक बारीक स्तंभ वर येतो, आणि गुरुत्वाकर्षणाने तो खाली खेचला जाण्याच्या आतच मांजर जबडा मिटते. एका सेकंदात हे साधारण चार वेळा घडते, आणि हनुवटी कोरडी राहते. कृपया विचार करा, ज्या प्राण्याला पाणी पिताना हनुवटीसुद्धा भिजू न देण्याचे गणित जमते, त्याच्या जेवणाखालची जमीन खराब होत असेल तर दोष कोणाचा मानावा?

स्वभावाविषयीही थोडे बोलले पाहिजे. खाऊन झाल्यावर, किंवा न खाताच, मांजर वाडग्याभोवतीची फरशी पंजाने खरवडते. अनेकांना तो आपल्या पाककलेचा अपमान वाटतो. बिबट्याच्या आणि प्यूमाच्या कुळातल्या प्राण्याने उरलेली शिकार पालापाचोळ्याखाली झाकून ठेवण्याचा हा जुना शिरस्ता आहे. तिथे पालापाचोळा नाही, टाईल आहे, याला त्याचा इलाज नाही. दुसरी तऱ्हा थोडे थोडे खाण्याची. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात आणि एका उंदरातून मिळतात सुमारे ३०. म्हणजे निसर्गाने त्याला दिवसाकाठी सात-आठ छोटी जेवणे नेमून दिली आहेत, आणि समोर खाणे कायम ठेवले तर ते दहा-वीस वेळाही येऊन थोडे थोडे खाते. आपण दोन वेळा भरपूर वाढतो. मग एखादे मांजर उरलेले सुकू देते, आणि दुसरे अधाशासारखे गिळून पाचच मिनिटांत गालिच्यावर जसेच्या तसे परत करते. गालिच्यावरच का, फरशीवर का नाही, या प्रश्नाला माझ्याकडे पायपुसण्याच्या घर्षणाखेरीज दुसरे उत्तर नाही.

गोडाबद्दलही एक समजूत दूर करते. मांजराला गोड चव लागतच नाही. त्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक त्याच्यात निकामी झालेला आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. ते केकवर तुटून पडते ते लोण्यासाठी. आणि श्रम करून खाणे त्याला आवडते असेही समजू नये. बऱ्याच प्राण्यांना फुकटच्या अन्नापेक्षा थोडे खटपट करून मिळवलेले अन्न रुचते, परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना खटपट केल्यावरच खाणे देणारे कोड्याचे भांडे आणि साधे तबक शेजारी शेजारी दिले, तेव्हा ती बहुतांशी तबकाकडेच गेली. मुकादमाला हे वाचून दाखवले असते तर तो म्हणाला असता की...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तीवर ‘५ मिनिटे’ असे लिहिले असून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तेव्हा जाहीर केलेला उत्तरार्ध आता भरभर सांगते. लिहून घेणाऱ्यांनी क्षमा करावी.

वाडगा सोडा आणि रुंद, उथळ, जड बशी घ्या. प्लास्टिक टाळा, कारण त्याच्या ओरखड्यांत तेलकटपणा आणि जंतू साठतात. बशीखाली आणि पुढे हातभर खरखरीत, धुता येण्याजोगे कापड पसरा. मांजर घास बाहेर काढणारच आहे, तो कुठे ठेवायचा एवढे आपल्याला ठरवता येते. त्या कापडाखाली काठ असलेली सिलिकॉनची चटई ठेवली की रस्सा फरशीवर जात नाही. मोठे तुकडे नखाएवढे बारीक करा किंवा काट्याने चेचा, फेऱ्या निम्म्या होतील. ओले खाद्य कोमट असले तर वास चांगला येतो आणि ते लवकर संपते. उरलेले तासा-दोन तासांत उचला. गिळून ओकणाऱ्याला एका जेवणाची चार जेवणे करून मोठ्या सपाट ताटलीत पसरून द्या. पाणी जेवणापासून दूर ठेवा, आणि दोन्ही मलपात्रापासून दूर. घरात दोन मांजरे असतील तर त्यांना एकमेकांकडे पाठ करून किंवा वेगळ्या खोलीत वाढा. आमच्याकडे ठकी आल्यावर मुकादमाने पायपुसणेही सोडले आणि घास सोफ्याखाली न्यायला सुरुवात केली. ते घर्षणासाठी नव्हते, भीतीसाठी होते, आणि ठकीची बशी दुसऱ्या खोलीत गेल्यावर आठवडाभरात थांबले.

वाळलेला डाग खरवडू नका, गार पाण्याचे फडके दहा मिनिटे त्यावर ठेवा. गरम पाण्याने मांसाचा डाग अधिक घट्ट बसतो. फिनॉल असलेली जंतुनाशके त्या जागी मुळीच वापरू नका, कारण मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करता येत नाही आणि फरशीवरचे सारे शेवटी पंजावाटे तोंडात जाते. दोरा, लोकर आणि रिबन उचलून ठेवा. जिभेचे काटे आतल्या दिशेला असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा आतच सरकतो, आणि त्याचे टोक बाहेर दिसले तरी ते स्वतः ओढू नये, कारण त्याने आतडे कापले जाऊ शकते. सरळ डॉक्टरांकडे न्यावे. मांजराने दिवसभरात काहीच खाल्ले नाही तर लाड समजून थांबू नका. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते.

घंटा झाली, तरी एक अपवाद सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही, कारण तो माझ्या सगळ्या बचावाच्या विरुद्ध जाणारा आहे. वर्षानुवर्षे नीटनेटके खाणारे मांजर एकाएकी घास पाडू लागले, एकाच बाजूने खाऊ लागले, वाडग्यापाशी येऊन फुत्कारून परत जाऊ लागले किंवा कोरडे दाणे सोडून फक्त रस्सा चाटू लागले, तर भांडे बदलू नका आणि कापडही पसरू नका. त्याचे तोंड दुखत असते. मांजरांमध्ये दात आतून झिजत जाण्याचा विकार पुष्कळ आढळतो आणि बाहेरून तो सहज दिसत नाही. मुकादम बाराव्या वर्षी पायपुसण्यावर तुकडा ठेवून नुसताच त्याच्याकडे पाहत बसू लागला, तेव्हा मी आठवे भांडे आणायला निघाले होते. दोन दाढा काढाव्या लागल्या, आणि दहाव्या दिवशी फरशीवर पुन्हा ती रश्श्याची सरळ रेघ उमटली.