चमत्काराचा हिशेब

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जादुई वास्तववाद आणि स्थलांतर’. जादुई वास्तववाद म्हणजे रोजच्या साध्या जगण्यात चमत्कार सहज घडतो, अशी कथा. स्थलांतराकडे येतोच, आधी एक तक्रार. हल्ली कथेत आजीची स्मृती गेली की लगेच फुलपाखरं सुटतात, भिंतीतून पाऊस पडतो. किती पडतो, कुणाचं अंथरूण भिजतं, काही पत्ता नाही. अहो, चमत्कारालाही हिशेब लागतो!

गार्सिया मार्केझच्या 1967च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीतली निद्रानाशाची साथ घ्या. ती माकोन्दो या कल्पित गावात येते रेबेकाबरोबर. पोरकी पोर, परगावाहून आलेली. सामान काय, तर एक छोटी ट्रंक, एक झुलती खुर्ची आणि आईबापाच्या हाडांची खडखडणारी पिशवी. ती पिशवी घरभर पायात येते, हे मार्केझ आवर्जून सांगतो. रोग ओळखते विसितासिओन, घरातली कामवाली. याच रोगापायी ती नि तिचा भाऊ आपला मुलूख सोडून पळालेले. आणणारीही परकी, ओळखणारीही परकी! घरधनी मात्र खूश: झोप नाही? उत्तम, कामं उरकतील.

पण झोपेमागोमाग स्मृतीही जाते, आणि विसरण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बालपण जातं, मग वस्तूंची नावं आणि उपयोग, मग माणसांची ओळख, शेवटी स्वतःचं भान. लागण तोंडावाटे, म्हणून घरधनीण उर्सुलाचे साखरेचे प्राणी गावभर रोग वाटतात. बाहेरच्या माणसाने बकरीच्या गळ्यातली घंटा वाजवत हिंडायचं आणि गावात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. तिच्या मुलाला, आउरेलियानोला, ऐरणीचं नाव आठवेना, म्हणून तो चिठ्ठी डकवतो. मग बाप ब्रश घेऊन खुर्ची, घड्याळ, दार सगळ्यांवर नावं रंगवतो. पण नाव वाचून उपयोग थोडाच कळतो? म्हणून गाईच्या गळ्यात पाटी: हिला रोज सकाळी पिळायचं, दूध उकळून कॉफीत घालायचं. आणि अक्षरंच विसरली तर पाटीही गेली! त्यावर तोडगा म्हणून बाप स्मृतियंत्र बांधायला घेतो. त्याच्या जवळपास 14,000 नोंदी लिहून होतात, तेव्हा कुठे मेल्कियादेस हा भटका जिप्सी औषध घेऊन उगवतो. एवढ्यात कुणी ‘काय हे आक्रीत!’ म्हणत नाही. हीच माणसं बर्फ बघून मात्र थक्क होतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. हो, आवरतो.

तर स्थलांतर. मोहसिन हमीदच्या 2017च्या ‘एक्झिट वेस्ट’मध्ये काळी दारं आहेत, इकडून शिरा, दुसऱ्या देशात निघा. अशक्य गोष्ट एवढीच. प्रवास कापलाय, त्रास नाही: बाप मागे राहतो, मिकोनोस या ग्रीक बेटावर छावणी, लंडनमध्ये जमाव अंगावर येतो. आपले लेखक दार उघडतात आणि पुढची छावणी विसरतात.

परतीचं स्थलांतर हवं तर मेक्सिकोच्या हुआन रुल्फोची कादंबरी ‘पेद्रो पारामो’, 1955. आईच्या आठवणीत गाव हिरवंगार, मुलगा पोचतो तर उजाड, बोलतात ती मेलेली माणसं. निम्म्यावर कळतं, निवेदकही मेलाय. रुल्फोने दोन्ही गावं शेजारी शेजारी ठेवलीत, आईची वाक्यं मुलाच्या वर्णनात मध्येच येतात. हे करून बघा: एका परिच्छेदात आठवणीतला रस्ता, लगेच खालच्यात आजचा, मध्ये ‘पण’ घालू नका. आणि लिहिण्याआधी चमत्काराचा नियम एका वाक्यात लिहून काढा. जमला नाही तर चमत्कार काढून टाका, कथा बहुधा तशीच उभी राहते.

आता उरलेले प्रश्न चहाच्या वेळी.