गॉथ गेले कुठं?

नमस्कार श्रोतेहो.

साल १४३४. आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या बासल शहरात ख्रिस्ती धर्मपरिषद चालू होती. युरोपभरच्या राजांचे प्रतिनिधी जमले होते, आणि लग्नघरात मानपानावरून रुसवेफुगवे व्हावेत तसा तिथं वाद पेटला, कोणी कुठं बसायचं यावरून. उत्तरेकडून आलेले स्वीडिश बिशप निकोलाउस रागवाल्डी उठले आणि म्हणाले, ज्यांनी रोम लुटलं ते गॉथ मूळचे आमच्याकडचे, आमचे राजे त्यांचे वारस, तेव्हा मानाची जागा आम्हाला हवी. स्पेनवाले काही कमी नव्हते. त्यांनी सुनावलं, की गॉथ तुमच्याकडून निघाले असतीलही, पण निघाले ते शूर होते आणि ते आमच्याकडे येऊन राज्य करून राहिले. घरी बसून राहिले ते आळशी. तुम्ही त्यांचे वारस!

याच परिषदेत स्पेनमधल्या कास्तीलच्या राजाचा मान इंग्लंडच्या राजाहून मोठा आहे, असं एक गाजलेलं भाषण झालं. त्यातही गॉथ राजांपासून चालत आलेला वारसा हा मोठा मुद्दा होता. भाषण करणारे होते अलोन्सो दे कार्ताहेना. यांचे वडील बुर्गोस शहरातले नामवंत ज्यू धर्मगुरू, रब्बी. त्यांनी पुढं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे अलोन्सो जन्मले ते ज्यू घरात, आणि गॉथांच्या वारशाची वकिली केली ती त्यांनी. मला हा माणूस फार आवडतो. वंशाचा अभिमान कसा चालतो हे समजून घ्यायला तो एकटा पुरे.

तर हे गॉथ होते कोण?

त्यांची मूळकथा आपल्याला मिळते ती योर्डानेस नावाच्या लेखकाकडून. त्यानं ती इसवी सन ५५१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, बसून लिहिली. तो सांगतो, गॉथ स्कांझा नावाच्या बेटावरून, म्हणजे आजच्या स्कँडिनेव्हियातून, बेरिग राजाच्या मागोमाग तीन गलबतांतून आले. तिसरं गलबत रेंगाळलं, त्यातल्या लोकांना पुढं गेपिड म्हणू लागले. कथा झकास आहे. पण तो लिहीत होता घडलेल्या गोष्टीनंतर काही शतकांनी, त्यामुळं इतिहासकार ती चिमटीत धरूनच घेतात. पक्कं काय आहे? पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन इतिहासकार टॅसिटस या लोकांचा उल्लेख करतो, आणि त्यांचा ठावठिकाणा पडतो आजच्या उत्तर पोलंडमध्ये, विस्तुला नदीच्या बाजूला. तिथं त्या काळातल्या दफनभूमी सापडल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ या संस्कृतीला विएलबार्क म्हणतात. अलीकडं तिथल्या सांगाड्यांची जनुकं तपासली, तेव्हा स्कँडिनेव्हियाशी नातं दिसलं. म्हणजे योर्डानेस अगदीच थापा मारत नव्हता. पुढं तिसऱ्या शतकात हे लोक काळ्या समुद्राच्या उत्तरेला, आजच्या युक्रेनमध्ये पसरलेले आढळतात. २५१ साली त्यांच्याशी लढताना रोमन सम्राट डेसियस मारला गेला.

इथपर्यंत आपण 'गॉथ' हा शब्द असा वापरतोय, जणू ते एकाच रक्ताचं कुळ होतं. तसं ते नव्हतं. याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे त्यांचा सर्वात मोठा विद्वान, वुल्फिला. त्याचे पूर्वज कापादोकियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले ख्रिस्ती. गॉथांनी धाड घातली तेव्हा त्यांना कैद करून नेलं होतं. त्या घरातल्या या मुलानं चौथ्या शतकात गॉथिक भाषेसाठी लिपी तयार केली आणि बायबल त्या भाषेत आणलं. असं सांगतात, की बायबलमधला 'राजे' हा भाग त्यानं मुद्दाम गाळला, कारण त्यात लढायाच लढाया आहेत आणि गॉथांना त्या बाबतीत उत्तेजनाची गरज नव्हती. त्या बायबलची एक प्रत स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईनं ती लिहिली आहे. मूळची ३३६ पानं, उरली १८८. त्यातलं एक पान जर्मनीत श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये १९७० साली अचानक मिळालं.

आता ३७६ सालाकडं येऊ, कारण गॉथ म्हणजे काय ते तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं. पूर्वेकडून हूण आले. गॉथांचे हजारो लोक बायकामुलांसह डॅन्यूब नदीच्या काठाशी येऊन थांबले आणि रोमकडं आसरा मागू लागले. सम्राट व्हालेन्सनं परवानगी दिली. नदीला पूर होता. होड्या, तराफे, कोरलेले ओंडके, मिळेल त्यावर बसून दिवसरात्र माणसं पलीकडं गेली, कित्येक बुडाली. पलीकडं त्यांना भेटले रोमन अधिकारी. धान्याची टंचाई होती, आणि या अधिकाऱ्यांनी भुकेल्या गॉथांना कुत्री विकली. एका कुत्र्याला एक माणूस, गुलाम म्हणून. सरदारांची मुलंसुद्धा त्यात गेली, असं आम्मियानुस हा रोमन इतिहासकारच लिहून ठेवतो. मग बंड झालं, आणि ९ ऑगस्ट ३७८ रोजी आद्रियानोपलच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एदिर्नेच्या लढाईत व्हालेन्स ठार झाला.

या बंडात गॉथांच्या बाजूला कोण होतं बघा. आधीच रोमनांकडं गुलाम असलेले गॉथ होते, आलान नावाचे इराणी भाषा बोलणारे घोडेस्वार होते, ज्यांच्यापासून पळून आले त्या हुणांतलेही काही होते. आणि थ्रेसमधल्या, म्हणजे आद्रियानोपलच्या आसपासच्या प्रांतातल्या, खाणींतले कामगार. करांच्या ओझ्याला ते कंटाळले होते, त्यांनी आपण होऊन वाट दाखवली आणि धान्य कुठं दडवलंय तेही दाखवलं. बत्तीस वर्षांनी, ४१० साली, गॉथांचा राजा अलारिक याच्या मागं जे लोक रोम शहरात शिरले त्यांना आपण सरसकट गॉथ म्हणतो. त्यातल्या किती जणांचे आजोबा विस्तुलेच्या काठचे होते?

इटलीतल्या गॉथांची कहाणी थोडक्यात सांगतो. त्यांचा राजा थेओडोरिक यानं ४९३ ते ५२६ राव्हेन्नातून चांगलं राज्य केलं, आणि नंतर पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या दीर्घ युद्धात ते संपलं. स्पेनमध्ये मात्र गॉथ टिकले ते विरघळून. ५८९ साली त्यांच्या राजानं राज्यासाठी जाहीरपणे कॅथलिक पंथ स्वीकारला, ६५४ मध्ये राजा रेकेसविंथनं गॉथ आणि रोमन दोघांनाही एकच कायदा लावला. भाषा तर त्याआधीच मागं पडत चालली होती. ७११ साली अरबांच्या स्वारीत राजा रॉड्रिगो पडला आणि राज्य गेलं. पण नावं राहिली. रॉड्रिगो, फर्नांडो, आल्वारो, गोन्सालो, आल्फोन्सो ही सगळी त्या काळातल्या जर्मानिक बोलींतून आलेली.

ही नावं तुमच्या ओळखीची वाटतायत ना? रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, गोव्यात आणि वसईत बाप्तिस्मा देताना पोर्तुगीज आडनावं लावली गेली. त्यामुळं साष्टीतला एखादा रॉड्रिग्ज शेवटच्या गॉथ राजाचं नाव लावतो, आणि त्याचे पूर्वज मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथंच खाजण कसणारे असतात.

आपल्या मातीत गॉथांचा आणखी एक धागा शोधला गेला होता. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परक्यांचे, लेख आहेत. त्यात इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी दिली आणि चित नावाच्या यवनानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. दोघांच्याही नावांपुढं 'गतान' असं आहे, गतांपैकी. नॉर्वेचे भारतविद्यातज्ज्ञ स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये मांडलं, की हे गत म्हणजे गॉथ. कल्पना मोहात पाडणारी आहे, शिवनेरीच्या पायथ्याशी गॉथ! मला ती पटत नाही. दोन-तीन अक्षरांवर एवढा डोलारा उभा राहत नाही, आणि हे लेख कोरले गेले त्या काळात गॉथ काळ्या समुद्रापर्यंत नीट पोचलेही नव्हते. पण जुन्नरला गेलात तर तो लेख जरूर बघा.

खरे शेवटचे गॉथ होते काळ्या समुद्रातल्या क्रिमिया द्वीपकल्पात. डोंगरावरच्या मांगुप किल्ल्याभोवती त्यांचं छोटं राज्य होतं, ते १४७५ साली उस्मानी तुर्कांनी घेतलं. त्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी बुस्बेक नावाचे फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सचे, गृहस्थ कॉन्स्टँटिनोपलमध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याचे राजदूत होते. क्रिमियात कोणी जर्मनसारखी भाषा बोलतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी तिकडच्या दोन माणसांना जेवायला बोलावलं. एक उंच, चेहऱ्यामोहऱ्यानं थेट फ्लँडर्समधला वाटावा असा. तो जन्मानं गॉथ, पण ग्रीकांत राहून आपली भाषा विसरलेला. दुसरा ठेंगणा, सावळा, जन्मानं ग्रीक, पण व्यवहारात गॉथांशी संबंध येऊन त्यांची बोली शिकलेला. बुस्बेकनी शब्द उतरवून घेतले ते या ग्रीकाकडून, सुमारे ऐंशी. भाकरीला ब्रोए, घराला हुस, सफरचंदाला आपेल. आणि सहस्राला हाझेर! इराणी शेजाऱ्यांकडून घेतलेला तो शब्द फारसीतून आपल्याकडंही आला.

क्रिमियातली ही बोली पुढं मेली. २०१५ मध्ये रशियन अभ्यासकांनी जाहीर केलं, की मांगुपला बऱ्याच वर्षांपूर्वी सापडलेल्या दगडांवर वुल्फिलाच्या लिपीत कोरलेला मजकूर आहे. त्यात बायबलमधल्या स्तोत्रातल्या काही ओळीही आहेत. बोलणारी माणसं मात्र कुठं गेली नाहीत. काही ग्रीक बोलू लागली, काही मुसलमान होऊन तातार झाली. १७७८ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीच्या हुकमानं क्रिमियातल्या ख्रिश्चनांना अझोव्ह समुद्राकडं हलवलं. त्यांच्याबरोबर गेलेल्या इग्नाटियस या धर्मप्रमुखांच्या पदवीत तोवर 'गॉथिया' हे नाव होतं. या लोकांनी वसवलेलं शहर म्हणजे मारियुपोल, २०२२ च्या युद्धात बातम्यांत आपण रोज ऐकत होतो तेच. आणि मागं राहिलेल्या तातारांना स्टालिननं मे १९४४ मध्ये काही दिवसांत रेल्वेच्या डब्यांत कोंबून बहुतांशी उझबेकिस्तानात पाठवलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांतले पुष्कळ परतले, काही ताश्कंदकडंच राहिले. आपण गॉथांच्या राजदरबारी वारसदारांबद्दल बोलत होतो; स्वीडनच्या राजाच्या बिरुदात १९७३ पर्यंत त्यांचं नाव होतं. क्रिमियातल्या या घरांतल्या माणसांना ते बिरुद कधी कोणी देऊ केलं नाही.

नमस्कार.