केबल वाढल्या, जहाजं कुठे आहेत?

नमस्कार श्रोतेहो.

1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं जहाज मुंबईहून निघालं आणि तारायंत्राची केबल समुद्रात सोडत सोडत एडनच्या दिशेनं गेलं. बांधलं होतं ते प्रवाशांसाठी. त्या धंद्यात मालकांचे हात पोळले, केबलच्या कामात मात्र जहाजानं नाव काढलं.

आज परदेशाशी चालणारं आपलं जवळजवळ सगळं इंटरनेट समुद्रतळावरच्या केबलींतून येतं-जातं. या केबली टाकणारी आणि दुरुस्त करणारी जहाजं साऱ्या जगात मिळून साठेकच असतील.

याच बाजारातली दुसरी जहाजं विजेच्या केबली टाकतात, आणि खरा पैसा सध्या तिकडे खेळतोय. युरोपात समुद्रातल्या पवनचक्क्या वाढल्या, देशादेशांत विजेची देवाणघेवाण सुरू झाली. ब्रिटन आणि डेन्मार्कला जोडणारी 'व्हायकिंग लिंक' 765 किलोमीटरची आहे. विजेची केबल जाडजूड आणि वजनदार, तिला जहाजही तसंच लागतं. इटलीच्या प्रिस्मियन कंपनीचं 2021 मध्ये आलेलं 'लिओनार्दो दा विंची' दोन फिरत्या चक्रांवर मिळून 17,000 टन केबल वाहून नेतं. केबल बनवणाऱ्याच कंपन्या आता जहाजंही बाळगू लागल्या आहेत. जहाजाअभावी कंत्राट अडकून पडणं त्यांना परवडत नाही.

इंटरनेटच्या केबलींचं गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी टेलिफोन कंपन्या वर्गणी काढून केबल टाकायच्या, आता गूगल आणि मेटा पुढे आहेत. मेटानं 2025 मध्ये जाहीर केलेली 'वॉटरवर्थ' केबल 50,000 किलोमीटरहून लांब असेल. ती भारतातही येणार आहे.

दुरुस्तीच्या जहाजांकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष नाही. जगात वर्षाला दीड-दोनशे वेळा केबल बिघडते किंवा तुटते, बहुतेकदा मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे. दुरुस्तीचं जहाज अग्निशमन बंबासारखं असतं: बरेच दिवस बंदरात उभं, त्याचा खर्च रोजचा. त्यामुळे नवं बांधायला फारसं कुणी धजत नाही आणि जुन्या जहाजांवरच काम भागवलं जातं. फेब्रुवारी 2024 मध्ये तांबड्या समुद्रात तीन केबली तुटल्या. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यानंतर वाहत गेलेल्या 'रुबीमार' जहाजाच्या नांगरानं त्या तुटल्या, असं मानलं जातं. युद्धाची धास्ती आणि परवानग्या यांत दुरुस्ती महिनोन्महिने रेंगाळली.

आता आपल्याकडे या. आपल्या बऱ्याचशा केबली मुंबई आणि चेन्नई या दोनच शहरांत किनाऱ्याला लागतात. दुरुस्तीसाठी आपण परदेशी जहाजांवर विसंबतो, आणि ती आली तरी परवानग्यांची रांग आहेच. भारतीय निशाणाची अशी जहाजं असावीत, असं 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेनं 2023 मध्ये सुचवलं होतं. माझ्या मते दोन तरी हवीत, एक पश्चिम किनाऱ्याला आणि एक पूर्व किनाऱ्याला. त्यांतून नफा होईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांचा खर्च किनाऱ्यावर केबल आणणाऱ्या कंपन्यांकडून वार्षिक वर्गणी घेऊन भागवता येईल.