इलेक्ट्रिक स्कूटर घेताय? शोरूमच्या आधी सर्व्हिस सेंटरला जा

नमस्कार मंडळी!

आज उलट्या टोकापासून सुरुवात करू. इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची म्हटलं की माणूस शोरूमला जातो, स्क्रीन बघतो, रंग बघतो, "रेंज किती, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती पळते?" विचारतो आणि टोकन देऊन घरी येतो. मी म्हणते, त्या शनिवारी शोरूमला जाऊच नका. त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. गाडी नाही, काम नाही, नुसतं जाऊन उभे राहा.

का, ते सांगते. पेट्रोलची गाडी रस्त्यात बंद पडली तर चौकातला मेकॅनिक काहीतरी खटपट करून ती घरापर्यंत तरी पोचवतो. इलेक्ट्रिक गाडीत तो ब्रेक करेल, टायर करेल, बेअरिंग करेल. बॅटरी आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग, यांच्या वाटेला तो जात नाही, आणि त्यानं जाऊही नये. म्हणजे गाडी तुमची असली तरी तिची नाडी कंपनीच्या हातात. बिघाड कुठल्याही गाडीत होतो हो. रोज ऑफिस गाठणाऱ्याचे हाल होतात ते एका पार्टसाठी गाडी तीन आठवडे उभी राहते तेव्हा. तेवढ्या दिवसांचं रिक्षाभाडं कुठल्याच जाहिरातीत धरलेलं नसतं.

तर सर्व्हिस सेंटरला काय बघायचं? आधी आवारात उभ्या असलेल्या गाड्या. ज्या गाड्यांच्या सीटवर धुळीचा थर बसलाय, त्या सर्व्हिसिंगला आलेल्या नाहीत, पार्टची वाट बघतायत. अशा किती आहेत? मग रांगेतल्या लोकांशी बोला. पुण्यात तर हे फार सोपं आहे, एकाला विचारलं की चौघं सांगायला येतात. "काय झालंय?" हे विचाराच, पण "किती दिवस झाले?" हे नक्की विचारा. पाच जणांची उत्तरं ऐकलीत की तुम्हाला कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त कळलेलं असेल. माझा व्हिडिओही त्यात आला.

नंतर काउंटरवर जाऊन तीन गोष्टींची किंमत विचारा: चार्जर, पुढचं पॅनेल आणि कंट्रोलर. किंमत ऐकून धक्का बसेल, तो बसू दे. त्याच्या पुढचा प्रश्न खरा आहे, "स्टॉकमध्ये आहे का?" तिथला माणूस कॉम्प्युटरवर बघून सांगतो, की "मागवावं लागेल, सांगता येत नाही" म्हणतो, यावर बरंच काही ठरतं. आणि हो, वाटेत बंद पडली तर गाडी उचलून न्यायची सोय कोणाची, किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे छापील कागदावर दाखवा म्हणायचं.

हे सगळं मी उगाच ताणत नाहीये. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं देशातल्या एका बड्या ई-स्कूटर कंपनीला नोटीस धाडली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात तिच्याविरुद्ध १० हजारांहून जास्त तक्रारी जमा झाल्या होत्या, आणि त्यात सर्व्हिसच्या रखडपट्टीच्या तक्रारी ठळक होत्या. गाड्या धडाधड विकल्या गेल्या, दुरुस्त करणारे हात तेवढे वाढले नाहीत. त्या हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. लिहून ठेवा, लागू नये ही इच्छा.

मग कंपनी जुनी घ्यावी की नवी? माझं मत सरळ आहे. गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहत असाल, तर ज्यांचं पेट्रोल गाड्यांचं जाळं आधीपासून आहे, म्हणजे बजाज, टीव्हीएस, हिरो, त्यांच्याकडे आधी बघा. चेतक आमच्या आकुर्डीची, २०२० मध्ये इलेक्ट्रिक रूपात आली ती पुणे आणि बंगळूरमध्येच आधी, म्हणून पुणेकरांना तिचं कौतुक जरा जास्त, ते सोडून द्या. शहरात असाल तर एथरसारखी नवी कंपनीही चालेल, फक्त घरापासून १० किलोमीटरच्या आत तिचं सेंटर हवं. एकच सेंटर आणि तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, असं असेल तर गाडी कितीही चांगली असो, मी घेणार नाही. मात्र जुन्या कंपनीचं प्रत्येक सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिक गाडी हातात घेतंच असंही नाही. पाटी बघून परत फिरू नका, आत जाऊन विचारा.

आता बॅटरी. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा हिचा.

२०२२ चा उन्हाळा आठवतोय? मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरनं पेट घेतला, तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या नव्याकोऱ्या गाड्या जळाल्या. त्यानंतर सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस १५६ नावाचं मानक आहे, त्यातल्या सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. पॅकमध्ये पाणी शिरू नये, आतला दाब बाहेर पडायला वाट असावी, तापमान वाढलं तर चालवणाऱ्याला आधी इशारा मिळावा, बॅटरी भरली की चार्जरनं आपोआप थांबावं, अशा अटी त्यात आल्या. म्हणून जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर आरसीवरची तारीख बघा. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली असेल, तर स्वस्त आहे म्हणून भुलू नका.

बॅटरीच्या आतलं रसायन मुख्यतः दोन प्रकारचं. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) वजनाला हलकी, कमी जागेत जास्त ऊर्जा देते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्याही जास्त काढते. नागपूर, चंद्रपूर, अकोला भागातल्या मंडळींनी एलएफपी मिळत असेल तर तिचा विचार जरूर करावा. आणि रसायन कुठलंही असो, मे महिन्यात भर उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायचं नाही. सावलीत तासभर गार होऊ द्या.

तिसरा प्रकार लेड-ॲसिडचा. छोट्या दुकानांत ज्या अगदी स्वस्त "लायसन्स नको, पासिंग नको" गाड्या दिसतात, त्यात बऱ्याचदा हीच असते. नियम असा आहे की ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि २५० वॉटच्या आत मोटर असेल तर नोंदणी लागत नाही. आजोबांना भाजी आणायला ठीक आहे. पण दुकानदार कानाशी येऊन "मॅडम, लॉक काढून देतो, ४५ पळेल" म्हणतो ना, तिथून बाहेर पडा. लॉक काढलं की ती कायद्यानं बिननोंदणीची, बिनविम्याची मोटार गाडी झाली. अपघातात समोरच्याला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून. रोजच्या ऑफिससाठी नोंदणी झालेली, हिरव्या नंबरप्लेटचीच गाडी घ्या.

वॉरंटीबद्दल एकच प्रश्न विचारा, पण तो सोडू नका: "बॅटरीची क्षमता कमी झाली तर बदलून देणार, की पूर्ण बंद पडली तरच?" आठ वर्षांची वॉरंटी ऐकून छाती फुगते, पण काही वॉरंट्या फक्त उत्पादनातल्या दोषापुरत्या असतात. ७० टक्क्यांच्या खाली क्षमता गेली तर दुरुस्त करू किंवा बदलू, असं लेखी देणारी वॉरंटी खरी. एखादी सर्व्हिसिंग चुकली तर ती रद्द होते का, गाडी विकली तर पुढच्या मालकाला मिळते का, हेही त्याच पानावर असतं. बारीक अक्षरात.

बरं, रेंज. कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो. आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या, वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेत, हो, तीच टेकडीवाली, गाडी रोलरवर ठरावीक पद्धतीनं चालवून तो काढतात. तिथे खड्डा नाही, मागे बसलेलं माणूस नाही, समोरून वारा नाही. रस्त्यावर त्याच्या ७० ते ७५ टक्के धरा.

(पाटीवर आकडे लिहीत)

समजा तुम्ही हडपसरहून हिंजवडीला जाता. एका बाजूला साधारण ३० किलोमीटर, दिवसाचे ६०. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता २० टक्क्यांनी उतरेल असं धरलं, तर आज ७५ ची खरी रेंज हवी. वाटेत कुठे वाकडं जावं लागलं तर वरचे १५. झाले ९०. म्हणजे कागदावर १२५ च्या आसपास. एक किलोमीटरला साधारण ३५ वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक किलोवॉट-अवर, वीजबिलातलं एक युनिट) खर्च धरला तर तीन-सव्वातीन किलोवॉट-अवरची बॅटरी आली. आणि कोथरूडहून डेक्कनला जाणाऱ्यानं हीच मोठी बॅटरी घेतली तर? काही बिघडत नाही, फक्त पैसे जास्त जातील आणि वजन रोज वाहावं लागेल. त्याला सव्वादोनची पुष्कळ झाली.

लोक चढाला फार घाबरतात. चांदणी चौकाचा चढ चढेल का, कात्रज चढेल का. चढण्याची ताकद टेस्ट राइडला तपासा, ते बरोबरच, पण चढानं रेंज संपते ही भीती फुगवलेली आहे. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा. १०० मीटर उंची चढायला, मोटरमधलं नुकसान धरून, साधारण ८५ वॉट-अवर लागतात. म्हणजे अडीच किलोमीटरची रेंज गेली, बस्स. रेंज खरी खातो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ४५ वरून ६५ वर गेलात की तो दुप्पट होतो.

पैशांचं गणित पटकन. महिन्याला हजार किलोमीटर, पेट्रोल शंभरच्या वर, ४५ चं ॲव्हरेज, म्हणजे २३००च्या आसपास. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून ४० युनिट. घरच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चांगलाच चढतो, तेव्हा चढा दर धरूनही साडेचारशे-पाचशे. बचत खरी आहे. अंतर रोज सात-आठ किलोमीटरच असेल तर मात्र ती वसूल व्हायला बरीच वर्षं जातील, हे कोणी सांगत नाही.

चार्जिंग कुठे करणार, हे गाडी बघायच्या आधी ठरवा. बंगला असेल तर प्रश्नच नाही, एक १६ ॲम्पिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग, इलेक्ट्रिशियनला मीटर लावून दाखवायला सांगा. एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर चार्जिंग, हे कृपा करून नको. सोसायटीत असाल तर पार्किंगमध्ये पॉइंट घेण्यावरून कमिटीशी बोलणी होतील, चहा होईल, पुन्हा बोलणी होतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल झालाय, त्यानुसार सोसायटीतल्या रहिवाशाला गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. अर्ज करताना त्याचा उल्लेख करा. आणि चाळीत किंवा जुन्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर बॅटरी काढून वर नेता येईल अशीच गाडी बघा. हिरोच्या विडामध्ये ती सोय आहे. पण एक बॅटरी दहा-बारा किलोची असते. रोज जिन्यानं ती कोण नेणार, हे घरात आधी ठरू दे.

आता गाड्या प्रत्यक्षात कशानं अडतात? मोटर क्वचितच. अडतात त्या छोट्या गोष्टींनी. साइड स्टँडच्या सेन्सरमध्ये पावसाळ्यात चिखल बसतो, गाडीला वाटतं स्टँड खाली आहे, ती हलत नाही. काही गाड्यांत दिव्यांसाठी आणि सुरू होण्यासाठी वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म. बेल्ट असलेल्या गाडीचा बेल्ट काही हजार किलोमीटरनंतर बदलावा लागतो, त्याची किंमत विचारून ठेवा. मोटर मागच्या चाकातच असेल तर बेल्टची कटकट नाही, पण चाक जड होतं आणि आपल्या खड्ड्यांत ते पाठीला जाणवतं. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, तीही त्या भागापुरती. सिंहगड रोडला गुडघाभर पाणी साचलं तर गाडी त्यात घालायचा तो परवाना नाही. वॉशिंग सेंटरवाल्याला चार्जिंग पोर्टवर प्रेशरचा फवारा मारू देऊ नका.

स्क्रीन, गाणी, नकाशे यावर मी बोलणार नाही. एवढंच विचारा की फोन नसताना आणि वर्षभरानं सबस्क्रिप्शन संपल्यावर गाडीतलं काय काय चालू राहतं.

आणि टेस्ट राइड. मागे घरचं माणूस बसवा, तुमच्या रोजच्या वाटेवरचा चढ घ्या, मध्येच थांबून पुन्हा उचलून बघा. डिक्कीत तुमचं स्वतःचं हेल्मेट घालून बघा, बऱ्याचदा बसत नाही. शोरूमवाले गाडी पूर्ण चार्ज केलेली देतील, कारण तेव्हा ती सगळ्यात जोरात पळते. तुम्ही २० टक्क्यांच्या खाली आलेली मागा. बॅटरी उतरली की बऱ्याच गाड्या ताकद आणि वेग कमी करतात, आणि ऑफिसहून परत येताना तुम्ही तशाच गाडीवर बसलेले असणार. नाही म्हणाले तर भांडू नका, संध्याकाळी साडेसातला जा. दिवसभर गिऱ्हाइकांना फिरवून ती तोपर्यंत आपोआप तिथे आलेली असते.