पगाराच्या संध्याकाळी
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: हिंगणा एमआयडीसी. पाळी सुटते आहे. सायकली, मोटारसायकली. पानठेल्यावर खर्रा घोटणारे हात.]

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पहिली पाळी सुटली. आज पगार झालाय, त्यामुळे पानठेल्यावर गर्दी जास्त आहे. पन्नीवर सुपारी पडते, तंबाखू पडतो, चुना पडतो आणि तळहात चालू लागतो. ठेल्याच्या बाजूनं एक वाट देशी दारूच्या दुकानाकडे जाते. आपण त्या दुकानात जाणार नाही. या कोपऱ्यावर न थांबता घरी कसं जायचं, हे जे शिकताहेत, त्यांच्याकडे जाणार आहोत.

[दृश्य: शहराबाहेरचं व्यसनमुक्ती केंद्र. कडुलिंबाखाली गोलात खुर्च्या. फक्त हात, चपला, वह्या.]

इथे कुणाचा चेहरा दिसणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. कुणी वेल्डर आहे, कुणी ऑटो चालवतो, एक जण शाळेत शिकवायचा.

दारू एकदम बंद केली की अंग थरथरतं, झोप उडते. काहींना झटके येतात, भास होतात. हे सुरुवातीचे दिवस जिवावर बेतू शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. ते पार पडले की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. आम्हाला मात्र इथे राहून पटलं, की खरी मेहनत त्यानंतरची आहे.

[दृश्य: वहीचं पान, जवळून. निळं शाईपेन. आखलेले रकाने.]

रोज रात्री प्रत्येकानं ही वही भरायची. कधी, कुठे, कोण होतं, अंगात काय झालं, मग काय केलं. या पानावर लिहिलंय: ‘बुधवार. जेवताना. भाजीत मीठ कमी. कान तापले. ताट सरकवलं. घरी असतो तर तडक निघालो असतो.’

समुपदेशक ताई मिठाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्या विचारतात, “सकाळपासून काय झालं होतं, भाऊ?” बराच वेळ उत्तर येत नाही. मग कळतं, घरून फोन यायचा होता, तो आला नाही. मुलीचा वाढदिवस होता. ताई वहीत एक रकाना वाढवायला सांगतात: ‘त्याआधी’. आता रोज तोही भरायचा.

[दृश्य: फळ्यावर खडूनं चार शब्द: भूक, राग, एकटेपणा, थकवा.]

पिण्याची ओढ उठली की आधी हे चार तपासायचे. भूक असेल तर जेवायचं, थकवा असेल तर झोपायचं, एकटं वाटत असेल तर फोन लावायचा. फार साधं वाटतं. पण यातला कुणी पंधराव्या वर्षी प्यायला लागला, कुणी सोळाव्या. राग आला तर काय करायचं, लाज वाटली तर कुणाला सांगायचं, हे ज्या वयात माणूस शिकतो, त्या वयात यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बाटली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यं मांडली: स्वतःची ओळख, निर्णय घेणं, भावना आणि ताण हाताळणं, संवाद, दुसऱ्याची भावना समजून घेणं वगैरे. ती शाळकरी मुलांसाठी होती. इथे ती चाळिशीतले बाप शिकताहेत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८० च्या दशकात व्यसन सोडलेली माणसं पुन्हा कशी घसरतात, याची मांडणी केली. त्यांना तीन प्रसंग सर्वांत जास्त दिसले: मन खालावलेलं असणं, कुणाशी तरी भांडण, आणि मित्रांचा आग्रह. ओढ लाटेसारखी असते, असं ते सांगत. ती चढते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते. तेवढा वेळ काढता यायला हवा.

[दृश्य: अंगणात दोघं समोरासमोर. बाकीचे गोल करून उभे. हशा.]

ही आमची सगळ्यांत आवडती सकाळ. मित्राच्या आग्रहाची तालीम. ऑटोवाला दादा मित्र झालाय, आणि तो हे काम जीव लावून करतो.

“पगार झाला ना बे, चाल, एक क्वार्टर मारू.”

वेल्डर म्हणतो, “गोळ्या चालू आहेत.”

“एका पेगनं काय होते? काऊन, बायकोले भेतं का बे?”

गोल हसतो. वेल्डर गडबडतो. ताई थांबवतात. कारण दिलं की समोरच्याला ते खोडायला मिळतं, म्हणून कारण द्यायचं नाही. पुन्हा. या वेळी तो म्हणतो, “आज घाई आहे.” ताई पुन्हा थांबवतात: घाई फक्त आज असली, तर मग उद्याचं बोलावणं येतं. आता पाय बघा. सुरुवातीला दोन्ही पाय मित्राच्या दिशेनं होते. या खेपेला एक पाय आधीच वळलाय.

“मी सोडली, भाऊ. येतो.” आणि तो खरोखर चालायला लागतो, थेट फाटकापर्यंत.

[दृश्य: टेबलावर नोटा, किराण्याची यादी, पाकिटं. बायका आणि नवरे.]

शनिवारी घरचे येतात. पगाराची पाकिटं करायची: भाडं, किराणा, फी, उधारी. पाकिटांवर नावं बायको लिहिते, पैसे नवरा भरतो. या घरांमध्ये मारहाण झाली आहे, दागिने गेले आहेत, एका मुलाची शाळा सुटली आहे.

[दृश्य: तान्हा पोळा. महाल, इतवारी. मारबतीची मिरवणूक, गुलाल, ढोल.]

१८८० च्या दशकापासून नागपुरात तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” सगळं शहर ओरडतं. याच दिवशी गल्लोगल्ली दारूच्या बैठकाही बसतात. केंद्रातून सुटलेल्यांनी आठवडाभर आधी कागदावर योजना लिहिली आहे: कुणासोबत जायचं, किती वाजता परतायचं, ओढ उठली तर पहिला फोन कुणाला. हा शर्टाच्या खिशातून डोकावणारा कागद तोच.

[दृश्य: रविवारची पाठपुरावा बैठक. सतरंजी, चहा.]

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. या सतरंजीवर बसलेले सगळे ते एक आहेत. घसरलं तरी रविवारी यायचंच, हा इथला नियम. आज एक जण तान्ह्या पोळ्याला प्यालेला आहे. त्याला कुणी रागावत नाही. चहा दिला जातो, वही उघडली जाते आणि ताई ‘त्याआधी’ या रकान्यावर बोट ठेवतात.

[पडद्यावर: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतक्रमांक १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.]