वावर फुगतं, डोंगर सरकतो

(मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आज रात्रीची थ्री-फेज लाईन आहे, असं मला येतानाच सांगण्यात आलं. म्हणजे दहा वाजले की अर्धा मांडव हरभऱ्याच्या ओलितासाठी उठणार. आज बोलायचंय ते उपग्रहाच्या रडारनं जमिनीची हालचाल मोजण्याच्या शास्त्राबद्दल. तेव्हा प्रस्तावना गाळतो आणि थेट भेगांवर येतो.

भारी काळी जमीन उन्हाळ्यात किती फाटते हे या मांडवात कुणाला शिकवायची गरज नाही. लहानपणी माझं चार आण्याचं नाणं आमच्या वावरातल्या भेगेत पडलं होतं. मी कोपरापर्यंत हात घातला, नाणं काही लागलं नाही. पाऊस पडला, भेग मिटली, आणि माझे चार आणे भूगर्भात जमा झाले. पुढे मी भूशास्त्र शिकलो तेव्हा कळलं की या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी या पानांच्या मधे शिरतं आणि वही फुगते. वाळली की पुन्हा चपटी होते. म्हणजे तुमचं वावर बाजूला फाटतं तसं वरखालीही होतं. पावसाळ्यात वर येतं, वैशाखात खाली बसतं. आपल्या डोळ्यांना भेग दिसते, उंचीतला फरक दिसत नाही. कारण आपण, धुरा आणि बाभूळ, सगळे मिळूनच वरखाली होतो.

हा फरक आकाशातून पहिल्यांदा दिसला तोही शेतातच. अमेरिकेनं १९७८ साली सीसॅट नावाचा उपग्रह सोडला होता. समुद्र पाहायला सोडलेला हा उपग्रह तीन-साडेतीन महिन्यांत बंद पडला. पण त्यानं जाता जाता कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीची रडार-चित्रं, म्हणजे रेडिओलहरी सोडून जमिनीवरून परत येणाऱ्या लहरींतून काढलेली चित्रं, घेऊन ठेवली होती. तो भाग मूळचा वाळवंट, कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर पिकणारा. गॅब्रिएल, गोल्डस्टाईन आणि झेबकर या तिघांनी वेगवेगळ्या दिवसांची चित्रं एकमेकांतून वजा केली आणि १९८९ साली निष्कर्ष छापला. ज्या शेतांना मधल्या काळात पाणी दिलं होतं ती थोडी वर आलेली दिसत होती. म्हणजे या शास्त्राचा पहिला मोठा शोध भूकंपाचा नाही, ज्वालामुखीचा नाही, ओलिताचा आहे! परिषदांमध्ये लोक भूकंपाचीच गोष्ट आधी सांगतात. तीही मोठी आहे. २८ जून १९९२ चा कॅलिफोर्नियातल्याच लँडर्सचा भूकंप, आणि पुढच्याच वर्षी त्याची रंगीत पट्ट्यांची चित्रं साऱ्या जगानं पाहिली. पण माझा जीव त्या ओल्या शेतांवर.

आता हे मोजतात कसं? सेंटिनेल-१ हा युरोपचा उपग्रह ६९३ किलोमीटर उंचीवरून जातो. एवढ्या लांबून त्याला सेंटीमीटरचा फरक कळतो म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं पाहतात. पाहायलाच पाहिजे. तर असं समजा की बैलगाडीच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली आहे. गाडी गावातून निघते, वावरापर्यंत जाते, परत येते आणि थांबते. वाटेत चाकाचे किती फेरे झाले ते कुणी मोजलं नाही. पण थांबताना चिंधी कुठे आहे ते आपण लिहून ठेवतो. बारा दिवसांनी तीच गाडी त्याच वाटेनं पुन्हा सोडली. वाट चार बोटं लांबली असेल तर चिंधी या वेळी वेगळ्या जागी थांबेल. फेरे किती याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. चिंधी किती सरकली तेवढंच पाहायचं.

सेंटिनेलच्या रडारलहरीची लांबी साधारण ५.६ सेंटीमीटर आहे. हा चाकाचा एक फेरा. लहर जाते आणि येते, म्हणून जमीन उपग्रहापासून २.८ सेंटीमीटर लांब गेली की चिंधी एक पूर्ण फेरा मारून पुन्हा जिथल्या तिथे. इथे एक गोम आहे. जमीन मुळीच हलली नाही तरी चिंधी त्याच जागी, आणि नेमकी २.८ सेंटीमीटर लांब गेली तरी त्याच जागी. मग ओळखायचं कसं? शेजाऱ्यांना विचारून. न हललेल्या जागेपासून सुरुवात करायची आणि चित्रातल्या एकेका ठिपक्यानं पुढे सरकत चिंधी कशी फिरत गेली ते मोजत जायचं. मधेच ठिपके हरवले तर मोजणी चुकते, आणि ती चूक शेवटपर्यंत सोबत येते.

ठिपके हरवतात ते शेतात आणि जंगलात. नांगरलं, वखरलं, पऱ्हाटी गुडघाभर झाली, की बारा दिवसांपूर्वीचं वावर रडारला ओळखूच येत नाही. टिकून राहतात त्या कठीण वस्तू. टिनाचं छप्पर, विजेचा मनोरा, देवळाचा कळस, उघडा कातळ. इटलीतल्या मिलानच्या मंडळींनी साधारण २००० च्या सुमारास अशाच टिकाऊ ठिपक्यांची वर्षानुवर्षांची मालिका जोडायची रीत बसवली. त्या रीतीत वर्षाला काही मिलिमीटर इतकी सावकाश हालचालही पकडता येते. मेळघाटात सागवान आहे, पावसाळ्यात हिरवी भिंतच. पण सागाची पानं गळतात, म्हणून इथली उन्हाळ्यातली चित्रं पावसाळ्यातल्यापेक्षा बरी. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निघालेला निसार, म्हणजे इस्रो आणि नासाचा जोड-उपग्रह, २४ सेंटीमीटरची लांब लहर वापरतो. ती पानांत कमी अडकते, खालच्या भुईपर्यंत जास्त पोचते.

आता डोंगराकडे या. जोशीमठ तुम्हाला आठवत असेल. उत्तराखंडातलं हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं. तिथे जपून राहा, हे १९७६ सालीच मिश्रा समितीनं सांगून ठेवलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं उपग्रहाची चित्रं तपासून सांगितलं की एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या सात महिन्यांत जमीन सुमारे ९ सेंटीमीटर बसली, आणि नंतर २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बाराच दिवसांत ५.४ सेंटीमीटर. मला यात नऊचा आकडा महत्त्वाचा वाटतो. बातमी झाली ती ५.४ ची, कारण तोवर भिंती फुटल्या होत्या. नऊ सेंटीमीटर बसले तेव्हा कॅमेरे आले नव्हते. सावकाश बसणारी जमीन आधी सांगते. ऐकायचं असेल तर तेव्हाच ऐकायचं.

पण प्रत्येक जमीन सांगत नाही. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. मुसळधार पावसात कातळावरची माती सुटली आणि घडीभरात सगळं संपलं. बारा दिवसांनी फेरी मारणारा उपग्रह तिथे काय करणार? आपल्या विदर्भात घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं, खाली कोळशाच्या जुन्या भूमिगत खाणीची पोकळी. असा खड्डाही अचानकच पडतो. उपग्रह बसवला म्हणजे दरडीचा प्रश्न मिटला, असं कुणी भाषणात म्हणालं तर त्याला ही तीन नावं सांगा.

आणखी एक अडचण खास तुमच्या डोंगराची आहे. रडार उभं खाली पाहत नाही, तिरपं बाजूला पाहतं. उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण जातो, म्हणून त्याची नजर पूर्व-पश्चिम. जमीन खाली बसली, पूर्वेला सरकली, पश्चिमेला सरकली, तर दिसतं. उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकली तर गाडीची वाट ना लांबते ना आखूड होते, चिंधी जागची हलत नाही. आता सातपुडा कसा पसरलाय? पूर्व-पश्चिम. गाविलगडाचा कडा उतरतो कुठे? दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे तुमच्याकडे. तेव्हा या उतारावर काही दक्षिणेकडे सरकलं तर उपग्रहाला ते सगळ्यात कमी दिसणार. खाली बसण्याचा भाग तेवढा दिसेल. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा या बाबतीत नशीबवान.

दुसरी गफलत मातीची. तुमच्या गावाचा नकाशा काढला आणि एप्रिलमध्ये गाव तांबडं दिसलं, म्हणजे बसलेलं, तर घाबरायचं का? नाही. जूननंतरचाही नकाशा मागायचा. काळी माती पावसात परत वर येते, सरकता डोंगर येत नाही. एका मोसमाचा नकाशा घेऊन कुणी आलं तर त्याला चहा पाजा आणि वर्षभरानं बोलवा. त्यावर हवेतली वाफही रडारलहरीला उशीर करते. आषाढातल्या दोन चित्रांत काही सेंटीमीटरचा खोटा फरक येऊ शकतो, आणि तोही डोंगराच्या उंचीप्रमाणे बदलत जातो, म्हणजे अगदी खऱ्यासारखा.

(भाषणानंतर पुढच्या सतरंजीवरच्या एका आजींनी विचारलं: “माह्या घराची भित चिरली, बाबू. तुह्या त्या उपग्रहाले दिसते का ते?”)

नाही दिसत, आजी. त्याचा एकेक ठिपका साधारण पाच मीटर रुंद, वीस मीटर लांब. तुमचं घर, गोठा आणि उकिरडा मिळून एक ठिपका. भेग तुम्हालाच पाहावी लागेल. काचेची बोटभर पट्टी घ्या, भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंट लावा, आणि बाजूला खडूनं तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. तडकली की ती तारीखही लिहा. बरं, भेग वाढते कधी?

(“उन्हायात बोट जाते. पावसायात कागद बी जात नाई.”)

मग डोंगराला बोल लावू नका. ही तुमच्या घराखालची काळी माती आहे.

(“आन् एखांद्या पावसायात नाई मिटली त?”)

मग तलाठ्याकडे जा. रिकाम्या हातानं नको, दोन्ही तारखा घेऊन जा.